खिशातलं संत्रं आणि रिकामी संध्याकाळ : बीबीसीला एक खुलं पत्र

रेडिंग, जानेवारी २०२६

प्रति,
'डॉक्टर हू' या विज्ञानकथा-मालिकेचं काय करायचं हे ज्यांच्या हातात आहे ते बीबीसीतले सर्व कारभारी

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे म्हणून नवल वाटून घेऊ नका. वीस वर्षं तुमच्या देशात काढली, ऑफिसात दिवसभर इंग्रजीच बोलते. पण भांडायचं म्हटलं की मला मराठीच लागते. शिवाय २०१७ पासून तुमच्याकडे बातम्यांचा मराठी विभाग आहे. तिथल्या कुणालाही हाक मारा, वाचून सांगतील. आणि खरं सांगायचं तर हे पत्र तुमच्याइतकंच त्या मराठी मंडळींसाठी आहे, जी ठाण्या-पुण्यात नाहीतर लेस्टर-स्लाऊमध्ये बसून एका निळ्या पोलीस-पेटीची वाट बघत असतात आणि घरच्यांना ते नीट समजावून सांगू शकत नाहीत.

परवाच्या पंचवीस डिसेंबरला आमच्याकडे काय झालं ते आधी सांगते. दुपारचं जेवण उशिरा आटोपलं. पाचच्या सुमारास नवरा, मुलगी, जेवायला आलेले शेजारी आणि नाशिकहून आलेल्या सासूबाई असे सगळे सवयीने सोफ्यावर येऊन बसले. टीव्ही लावला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या वर्षी डॉक्टर नाही. सासूबाईंनी विचारलं, "तो पेटीतला माणूस आज येणार नाही का?" त्यांना मालिकेतलं ओ की ठो कळत नाही. दोन वर्षं त्या याच दिवसात इथे होत्या, एवढाच त्यांचा डॉक्टरशी संबंध. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तो तुमच्याकडे पाठवते आहे.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २३ नोव्हेंबर १९६३ ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, बीबीसीवर 'डॉक्टर हू'चा पहिला भाग लागला. नाव न सांगणारा एक परग्रहवासी, बाहेरून टेलिफोन बूथएवढी आणि आतून वाड्याएवढी 'टार्डिस' नावाची पेटी, आणि काळात कुठेही जायची मुभा. मरायला टेकला की हा माणूस नवं शरीर घेतो, म्हणून नट बदलतात आणि मालिका चालू राहते. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन जन्माने लखनौचे, त्यामुळे आमचा काहीच संबंध नाही असं म्हणू नका. १९८९ मध्ये ती बंद पडली आणि २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी पुन्हा उभी केली. त्याच वर्षीपासून ख्रिसमसच्या संध्याकाळी तिचा खास भाग लागू लागला. माझं पत्र या खास भागाविषयी आहे.

मी इथे आले सप्टेंबर २००५ मध्ये. एका विधवा आजींच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. ख्रिसमसला या देशात आगगाड्या बंद, बस बंद, दुकानंही बंद असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पंचवीसच्या सकाळी दूध संपलं आणि चहावाचून बसले. दुपारी आजींनी खालून हाक मारली. जेवू घातलं आणि म्हणाल्या, आता गप्प बस, डॉक्टर लागतोय.

तो 'द ख्रिसमस इन्व्हेजन'. नवा डॉक्टर झालेल्या डेव्हिड टेनंटचा पहिला पूर्ण भाग, आणि गडी निम्म्याहून अधिक वेळ उसन्या पायजम्यात नुसता झोपलेला! बाहेर ख्रिसमसचं झाड स्वतःभोवती गरागरा फिरून माणसांवर धावून येतंय, सांताक्लॉजच्या वेशातले यांत्रिक वादक गोळ्या झाडतायत, आणि परग्रहवाल्यांनी ए पॉझिटिव्ह रक्तगटाची जगभरातली माणसं मोहिनी घालून इमारतींच्या छपरांच्या कडेला उभी केली आहेत. माझा रक्तगट तोच. आजी म्हणाल्या, "तू आज खालीच झोप." शेवटी डॉक्टर उठतो, तलवारीने लढतो, आणि ड्रेसिंग गाऊनच्या खिशात सापडलेलं एक छोटं संत्रं फेकून शत्रूचा निकाल लावतो. इथे त्याला सात्सुमा म्हणतात. नागपुरी संत्र्याची धाकटी बहीण म्हणा. ख्रिसमसच्या मोज्यात तळाशी ते ठेवायची इथली पद्धत आजींनी मला त्याच दिवशी सांगितली आणि एक माझ्या हातावर ठेवलं.

मी परक्या देशात आहे, ही जाणीव त्या तासापुरती कमी झाली. त्यानंतर दर वर्षी ते वेळापत्रक मी पाळलं. आजी २०११ मध्ये गेल्या, पण संत्रं अजून आणते.

आता तुम्हाला ही दिवाळी अंकाची गोष्ट सांगितली पाहिजे. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. ती कल्पना इंग्रजी मासिकांच्या ख्रिसमस अंकांवरून सुचली असं सांगतात. म्हणजे मूळ माल तुमचाच. आम्ही तो शंभर वर्षांहून अधिक काळ दर वर्षी काढतोय. लढाया झाल्या, कागद महागला, संपादक गेले, तरी दिवाळीला अंक निघतो. मराठी विज्ञानकथेचा पुष्कळसा संसार या अंकांतच झाला. दिवाळी अंक वाचणारे सगळेच वर्षभर वाचणारे नसतात. वर्षभर एक ओळ न वाचणारे काकासुद्धा चार अंक विकत घेतात आणि दुपारी आडवे होऊन चाळतात. संपादकाला ते ठाऊक असतं. तो अंक काकांनाही कळेल आणि बाराही महिने वाचणाऱ्यालाही पुरेल असा काढतो.

तुमचा ख्रिसमसचा भाग हा असा अंक आहे. वर्षभर आम्ही चाहते मालिका पाहतो, वाद घालतो, तारखा पाठ करतो. पण त्या एका संध्याकाळी घरात पाहुणे असतात, सासूबाई असतात, शेजारी असतात. त्या दिवशी आम्ही यजमान असतो. तुम्ही भाग नीट केलात तर आमची मान वर राहते. बिघडवलात तर "हे काय बघता तुम्ही" हे आम्हाला ऐकावं लागतं. चाहते ख्रिसमसच्या भागावर इतके का तुटून पडतात याचं तुम्हाला कोडं वाटत असेल, तर ते यासाठी.

आता तक्रारी.

पहिली, तारखेची. २००५ ते २०१७ अशी सलग तेरा वर्षं पंचवीस डिसेंबरला डॉक्टर आला. २००७ च्या 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड'ला, म्हणजे काइली मिनोग आणि अंतराळातल्या टायटॅनिकच्या भागाला, १ कोटी ३३ लाख प्रेक्षक मिळाले. मग २०१८ मध्ये तुम्ही ती तारीख सोडलीत आणि एक जानेवारी धरलीत. सलग पाच ख्रिसमस कोरडे गेले. एक जानेवारीचे भाग वाईट होते असं मी म्हणत नाही. २०२२ च्या पहिल्या दिवशीचा 'ईव्ह ऑफ द डॅलेक्स' मला मनापासून आवडला. पण एक तारखेला पाहुणे आपापल्या घरी गेलेले असतात, निम्म्यांचं डोकं दुखत असतं आणि उरलेल्यांना दुसऱ्या दिवशीचं ऑफिस दिसत असतं. लक्ष्मीपूजनाचं आमंत्रण भाऊबीज उलटल्यावर देण्यातला प्रकार. २०२३ मध्ये चूक सुधारलीत, गोब्लिनांचं गाणं घेऊन परत आलात, २०२४ मध्येही आलात. आणि २०२५ मध्ये पुन्हा काही नाही. घरातली सवय लागायला तेरा वर्षं लागतात, मोडायला दोन पुरतात. प्रेक्षकांचे आकडे उतरल्याचं तुमचेच लोक बोलतात. ते उतरण्यात या धरसोडीचा वाटा किती, हे कुणी मोजलंय का?

दुसरी तक्रार मौनाची. ३१ मे २०२५ ला 'द रिअ‍ॅलिटी वॉर' संपता संपता शूटी गॅटवाचा डॉक्टर उजळून निघाला आणि त्याच्या जागी बिली पायपर उभी राहिली. तीच पायपर, जी २००५ मध्ये डॉक्टरची सोबतीण रोझ होती, संत्र्याच्या भागात जिच्या आईच्या घरी डॉक्टर झोपला होता. श्रेयनामावलीत तिचं नाव आलं, पण पुढे "डॉक्टरच्या भूमिकेत" असे शब्द नव्हते. म्हणजे ती कोण? बरं, गूढ ठेवायचं तर ठेवा, कथेचा तो हक्कच आहे. पण मालिका पुढे चालणार आहे की नाही, हे काही कथेतलं गूढ नव्हे, तो कारभार झाला. त्याबद्दल ठोस सांगायला ऑक्टोबर उजाडावा लागला. अठ्ठावीस ऑक्टोबरला तुम्ही जाहीर केलंत की मालिका परदेशात दाखवणाऱ्या डिस्नी प्लसबरोबरची भागीदारी संपली आणि पुढचा भाग रसेल टी. डेव्हिस लिहिणार, तोही ख्रिसमस २०२६ ला. पाच महिने आम्ही अफवांवर काढले. आमच्या गावाकडे एसटी रद्द झाली तर कंट्रोलरूमचा माणूस निदान खिडकीतून ओरडून सांगतो. मधे डिसेंबरात तुम्ही 'द वॉर बिट्वीन द लँड अँड द सी' ही याच विश्वातली मालिका दाखवलीत, ती मी पाहिली. पण डॉक्टर नसलेली ती पाच भागांची लढाई म्हणजे नवरदेवाशिवाय वरात.

तिसरी तक्रार जुनी आहे, आणि ती तुमच्याबरोबर लेखकांचीही आहे. ख्रिसमसच्या भागात अडगळ भरू नका. २०१३ चा 'द टाइम ऑफ द डॉक्टर' घ्या. डॉक्टर झालेल्या मॅट स्मिथचा निरोप. आधीच्या तीन वर्षांत उघड्या सोडलेल्या सगळ्या गाठी त्या एका तासात मारायच्या होत्या. आम्ही चाहते वही घेऊन बसल्यासारखे बसलो होतो आणि माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण, जिने आयुष्यात दुसरा भाग पाहिला नव्हता, ती वीस मिनिटांत भांडी घासायला उठली. निरोपाच्या क्षणी मी रडले. ती तेव्हा स्वयंपाकघरात होती. २०१७ च्या 'ट्वाइस अपॉन अ टाइम'मध्ये पहिल्या महायुद्धातला १९१४ चा ख्रिसमसचा युद्धविराम इतका सुरेख आणला होता की काय सांगू. पण १९६० च्या दशकातल्या पहिल्या डॉक्टरच्या तोंडी बायकांबद्दलची अशी वाक्यं घातली, जी तो मूळ मालिकेत तशी बोलत नव्हता. जुन्या चाहत्यांनी त्यावर आक्षेप घेतला तेव्हा ते रडे ठरले. मला विचाराल तर त्यांचं बरोबर होतं. विनोदासाठी मेलेल्या माणसाला हास्यास्पद करू नये.

याच्या उलट २०१० चा 'अ ख्रिसमस कॅरोल' आठवा. मायकल गॅम्बन खडूस म्हातारा, धुक्यात पोहणारे मासे, बर्फपेटीत गोठवलेली बाई. मागचं काहीही ठाऊक नसलं तरी चालतं. २०१४ च्या 'लास्ट ख्रिसमस'मध्ये स्वप्नात स्वप्न आणि त्याच्या आत आणखी स्वप्न, खुद्द सांताक्लॉज, आणि शेवटी खिडकीच्या कट्ट्यावर एक संत्रं. म्हणजे हेही स्वप्नच की काय? आम्ही त्या संत्र्यावर कितीतरी दिवस भांडलो. असं भांडायला मजा येते. हे करता येतं, हे तुम्ही स्वतःच करून दाखवलेलं आहे.

चौथी तक्रार सगळ्यात महत्त्वाची, तिथे जरा थांबते.

आमच्या प्रतिक्रिया तुम्ही चुकीच्या वाचता. निदान तुमच्या निर्णयांवरून तसं दिसतं. ख्रिसमसचा भाग संपला की दुसऱ्या दिवशी किती लोकांनी पाहिलं तो आकडा येतो, आणि त्याबरोबर सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या शंभर-दोनशे लोकांचा आवाज येतो. या दोहोंच्या मधे जे आहे ते कुणी विचारत नाही.

२०२४ चा 'जॉय टू द वर्ल्ड' स्टीव्हन मॉफॅट यांनी लिहिला होता. काळाच्या हॉटेलची, वेगवेगळ्या शतकांतल्या खोल्यांची धमाल कल्पना होती. त्यावर प्रतिक्रिया काय आल्या? एक गट म्हणाला, शेवटी जॉय स्वतः तारा होऊन बेथलेहेमवर उगवते हे फार झालं. दुसरा म्हणाला, छान रडवलं. तुम्ही बहुधा एवढंच टिपून घेतलंत: मिश्र प्रतिसाद.

माझी प्रतिक्रिया तुमच्यापर्यंत पोचली नसेल, ती इथे देते. त्या भागात जॉयची आई २०२० च्या ख्रिसमसला हॉस्पिटलमध्ये मरण पावते. जॉय कोविडचे नियम पाळते, बाहेर राहते, पडद्यावरून निरोप घेते. नियम करणारे, म्हणजे पंतप्रधानांच्या कार्यालयातले लोक, मात्र तेव्हा दारू पिऊन नाचत होते. तिच्या मनावरचा यंत्राचा ताबा सुटावा म्हणून डॉक्टर मुद्दाम तिला टोचून टोचून बोलतो, आणि चार वर्षं दाबून ठेवलेला तिचा संताप फुटतो.

माझे वडील २७ डिसेंबर २०२० ला ठाण्यात वारले. माझं तिकीट चोवीस तारखेचं होतं. बावीसच्या मध्यरात्रीपासून भारताने ब्रिटनहून येणारी विमानं बंद केली. एका नर्सने फोन त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. तिचा हात थरथरत होता, त्यामुळे मला अर्धा वेळ छत दिसत होतं. चार वर्षं मी त्याबद्दल कुणावर रागावले नव्हते, कारण राग कुणावर काढायचा हेच कळत नव्हतं. आणि मग कागदी टोप्या घातलेल्या पाहुण्यांच्या मधे, ख्रिसमसच्या संध्याकाळी, एक विज्ञानकथेतली बाई माझ्या वाटणीचं ओरडली. मी उठून बाथरूममध्ये गेले. परत आले तेव्हा सासूबाईंनी काही न बोलता माझ्यासमोर पाणी ठेवलं. त्यांना इंग्रजी कळत नाही. त्यांना तो प्रसंग मात्र कळला होता.

ही प्रतिक्रिया तुमच्या कुठल्या रकान्यात बसते?

आणखी एक, आणि हे खास हिशेब ठेवणाऱ्यांसाठी. त्याच भागात डॉक्टर एका साध्या लंडनच्या हॉटेलात वर्षभर अडकतो. तिथली व्यवस्थापक अनिता आणि तो. राक्षस नाही, स्फोट नाही. तो दिवे दुरुस्त करतो, सामान उचलतो, आणि आठवड्यातून एक रात्र दोघं खुर्च्यांवर बसून गप्पा मारतात. आपल्या टार्डिसमध्ये बसायला खुर्चीच नाही, हे त्याला तिथे उमगतं. मी ज्यांच्याशी ज्यांच्याशी बोलले त्या प्रत्येकाला, तारा आवडलेल्यांना आणि न आवडलेल्यांनाही, ही दहा-पंधरा मिनिटं लक्षात राहिली आहेत. त्यांना खर्च किती आला असेल? डिस्नी गेली, पैसा आटला, हे मला समजतं. पण २००५ मध्ये नायक झोपलेला होता. 'ईव्ह ऑफ द डॅलेक्स' महासाथीच्या निर्बंधांत, एका सामान ठेवायच्या गोदामात मूठभर पात्रांवर झाला. त्यामुळे 'पैसा नव्हता म्हणून डॉक्टर आला नाही' हे कारण निदान आम्हा चाहत्यांना तरी देऊ नका.

इथे आमच्याही लोकांना दोन शब्द. चाहत्यांत असे लोक आहेत जे नट कोण आहे, कुठल्या रंगाचा आहे, बाई आहे की पुरुष आहे, यावरून भाग पाहण्याआधीच शिव्या देतात. ते माझ्या वतीने बोलत नाहीत. त्यांच्यामुळे तुमच्या कलाकारांना जो त्रास झाला त्याची मला लाज वाटते. पण एक करू नका: त्यांचा दाखला देऊन बाकीच्यांची तोंडं बंद करू नका. "या भागाला शेवट नव्हता" आणि "ही नटी मला चालत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं उत्तर द्यावं लागतं.

पाचवी तक्रार माझ्या भाच्याची. तो पुण्यात राहतो. २०२४ चा ख्रिसमसचा भाग इथे सायंकाळी पाच दहाला लागला, तेव्हा त्याच्याकडे रात्रीचे दहा चाळीस झाले होते, आणि आम्ही फोनवर बोलत बोलत एकाच वेळी पाहिला. त्याच्या जन्मापासून पहिल्यांदाच आम्ही मावशी-भाच्यांनी काही एकत्र पाहिलं असेल. आता तो भागीदार राहिला नाही. २०२६ चा भाग त्याला भारतात कुठे आणि कधी दिसणार? मला अजून स्पष्ट उत्तर सापडलेलं नाही. फाळणीवरचा 'डीमन्स ऑफ द पंजाब' तुम्ही २०१८ मध्ये केलात, वारिस हुसेन यांचं नाव तुम्ही साठाव्या वाढदिवसाला अभिमानाने घेतलंत. मग त्या बाजूच्या प्रेक्षकांनी चोरून पाहावं अशी वेळ आणू नका.

शेवटची तक्रार साठ वर्षांची जुनी आहे. आमच्या घरमालकीण आजी सांगायच्या की त्यांच्या तरुणपणी एका ख्रिसमसला म्हाताऱ्या डॉक्टरने हातात ग्लास घेऊन थेट कॅमेऱ्यात पाहिलं आणि घरी बसलेल्या सगळ्यांना ख्रिसमसच्या शुभेच्छा दिल्या. मला वाटलं, वयामुळे काहीतरी गोंधळ होतोय. नंतर कळलं की अगदी खरं होतं. २५ डिसेंबर १९६५, 'द फीस्ट ऑफ स्टीव्हन', पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल. अर्धा भाग लिव्हरपूलच्या पोलीस ठाण्यात, अर्धा जुन्या हॉलिवुडच्या स्टुडिओत, आणि शेवटी तो ग्लास. पण आजींना तो पुन्हा दाखवता आला नाही. कारण त्या काळात इतर कितीतरी भागांबरोबर त्याची टेपही तुम्ही पुसून टाकलीत. आज उरलाय तो फक्त आवाज, आणि तोही तुम्ही जपलेला नव्हे. घरोघरच्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता, म्हणून उरला. चाहत्यांचं ऐकायचं का, असा प्रश्न तुमच्या बैठकीत कधी निघाला तर ही टेप आठवा.

मागण्या साध्या आहेत. कुणाला काढा, कुणाला आणा असलं मी सांगणार नाही. ते माझं काम नव्हे.

ख्रिसमस २०२६ चा भाग पंचवीस डिसेंबरलाच, मुलं जागी असताना दाखवा. सव्वीसला नको, एकला नको. आणि २०२७ चं काय, हे तो भाग लागायच्या आधी सांगा. "नाही" असेल तर "नाही" म्हणा, आम्ही मोठी माणसं आहोत. १९८९ मध्ये कुणी धड "संपलं" असंही म्हटलं नव्हतं, आणि लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली.

पायपरचं कोडं त्या भागात सोडवा, पण पहिल्या दहा मिनिटांत, सासूबाईंना कळेल असं. मग उरलेला वेळ एक गोष्ट सांगा. एकच.

भारतात आणि बाकी देशांत तो त्याच दिवशी कायदेशीरपणे कुठे पाहता येईल हे नोव्हेंबरपर्यंत जाहीर करा. मराठी सबटायटल्स मिळाले तर सोन्याहून पिवळं, पण त्यासाठी अडून बसत नाही.

भाग झाल्यावर पंधरा दिवसांत, लेखक किंवा निर्मात्यांपैकी कुणीतरी प्रेक्षकांच्या निवडक प्रश्नांना तासभर उत्तरं द्यावीत. फक्त कौतुकाचे प्रश्न निवडू नका. शिवीगाळीचेही नको. मधले निवडा.

आणि १९६५ च्या त्या भागाचा आवाज तुमच्याकडे आहे. त्यावर चित्रं काढून घ्या, कार्टून करा, नाहीतर काळ्या पडद्यावर नुसता आवाज लावा. एका ख्रिसमसला तो ग्लास उचललेला आम्हाला ऐकू द्या.

तुमचा खर्च ज्यातून चालतो त्या टीव्ही लायसन्सचे पैसे मी दर वर्षी भरते (२०२५-२६ मध्ये १७४ पौंड ५० पेन्स), आजवर एकदाही चुकवलेले नाहीत. तुमच्या शाही सनदेची मुदत २०२७ च्या अखेरीस संपते आणि तेव्हा तुम्ही आम्हाला विचारायला याल की बीबीसी कशासाठी हवी. मी विज्ञानकथेच्या एका भागाचं नाव घेणार आहे आणि तुमचे सल्लागार हसतील. हसू द्या. त्या उत्तरासाठी माझ्याकडे वीस वर्षांचे साक्षीदार आहेत, त्यातल्या एक नाशिकच्या आहेत आणि येत्या डिसेंबरचं तिकीट त्यांनी आत्ताच काढायला सांगितलंय. ते काढू की थांबू, एवढं कळवा.

उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल.

कळावे, लोभ असावा,

आपली,
रक्तगट ए पॉझिटिव्ह, रेडिंग